गळतीचा शोध

मोटारीच्या बॉनेटखाली एका कोपऱ्यात बसलेली बॅटरी ही घरातील अबोल माणसासारखी असते. सारे सुरळीत चालले असता तिची आठवण कोणालाही होत नाही. एखाद्या सकाळी किल्ली फिरवावी, इंजिनाने हुंकार देण्याऐवजी नुसते ‘कट्कट्’ ऐकू यावे आणि समोरचे दिवे मंदावत जावेत, की मगच सर्वांचे लक्ष तिच्याकडे वळते. शेजारीपाजारी जमतात, गाडीला धक्का मारतात आणि पाहता पाहता निदानही करून टाकतात : ‘बॅटरी गेली, नवी टाका.’ पुष्कळदा ते खरे असते. परंतु नवी बॅटरी टाकल्यावरही आठवड्याभरात तोच प्रकार घडला, तर काय म्हणावे? खरा प्रश्न तेथून सुरू होतो.

हौसेखातर मोटार बाळगणाऱ्याला ही केवळ गैरसोय वाटते. भाड्याची मोटार चालवून संसार करणाऱ्याचे तसे नसते. पहाटेच्या गाडीसाठी प्रवाशाला स्टेशनवर पोहोचवण्याचा शब्द त्याने दिलेला असतो. गाडी सुरू झाली नाही तर त्या दिवसाचे भाडे बुडते आणि विश्वासू चालक म्हणून मिळवलेले नावही जाते. त्यात बॅटरीची किंमत काही हजार रुपये. एवढी रक्कम पदरमोड करून घालवल्यावरही दोष तसाच राहावा, यासारखे दुःख नाही.

मोटारीतली ही शिशाची बॅटरी दिसते तेवढी नवी नाही. फ्रान्समधील गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये पुन्हा पुन्हा भारित करता येणारा शिसे-आम्लाचा विद्युतघट तयार केला. शिशाच्या पट्ट्या आणि पाणी मिसळलेले गंधकाम्ल हे त्याचे मुख्य घटक आजही तेच आहेत. मोटारींना मात्र आरंभी इंजिन सुरू करण्यासाठी हाताने हँडल मारावे लागे. ते उलट फिरले, तर मनगट मोडण्याचीही भीती असे. चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर १९१२ मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारींत बसवला गेला आणि हाताचे काम बॅटरीकडे आले. इंजिन फिरवताना ती काही क्षण शंभर-दोनशे अँपिअर, कधी त्याहूनही अधिक प्रवाह देते. एरवी ती स्वस्थ असते आणि इंजिन चालू झाल्यावर अल्टरनेटर तिची झीज भरून काढतो.

हा व्यवहार समजण्यासाठी रांजणाचे उदाहरण पुरेसे आहे. सकाळी रांजण रिता आढळला, तर कारणे तीनच संभवतात. रांजणालाच तडा गेला असेल, आदल्या दिवशी पाणी पुरेसे भरलेच नसेल, किंवा रात्रभर कोठून तरी ते गळत राहिले असेल. बॅटरीचेही असेच असते. ती स्वतः जीर्ण झालेली असते, तिला भरणारी यंत्रणा दुबळी असते, अथवा गाडी उभी असताना एखादे उपकरण गुपचूप वीज खात असते. या तिन्ही दोषांचे लक्षण मात्र एकच : सकाळी गाडी सुरू होत नाही. म्हणून लक्षणावर थांबणारा फसतो आणि कारणापर्यंत जाणारा यशस्वी होतो.

जाणता कारागीर पाना हाती घेण्यापूर्वी वैद्यासारखी विचारपूस करतो. गाडी एका रात्रीत बंद पडते, की तीन-चार दिवस उभी राहिल्यावर? रोजचा प्रवास किती लांबीचा असतो? अलीकडे गाडीत नवीन काही बसवले आहे काय? या साध्या प्रश्नांत अर्धे निदान दडलेले असते. रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवणाऱ्याची बॅटरी सुरुवातीला दिलेली शक्ती परत मिळवण्याआधीच इंजिन बंद होते. हलगर्जीपणे तारा जोडून बसवलेली ध्वनियंत्रणा किंवा चोरीची सूचना देणारा भोंगा हेही गळतीचे नेहमीचे उगम.

विचारपुशीनंतर डोळ्यांचे काम. टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर साचला आहे काय, तारेची पकड ढिली आहे काय, अल्टरनेटर फिरवणारा पट्टा सैल झाला आहे काय, हे प्रथम पाहावे. कित्येकदा टर्मिनल घासून आवळले, एवढ्यानेच काम भागते. मग मल्टिमीटरची पाळी येते. पूर्ण भारित करून काही तास विसावू दिलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. काटा १२.२ च्या आसपास असेल, तर ती निम्मी रिकामी समजावी. विसावल्यावर दाब चांगला दिसतो, पण स्टार्टर फिरवताना तो ९.६ व्होल्टच्याही बराच खाली कोसळतो, तेव्हा बॅटरीच थकली आहे असा संशय बळावतो. इंजिन चालू असताना सामान्यतः १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. आकडा साडेबाराच्या आसपासच रेंगाळला, तर भरण्यातच खोट आहे.

हे दोन्ही निर्दोष ठरले, म्हणजे उरते ती गळती. तिचा शोध हा संयमाचा खेळ आहे. किल्ली काढून, दिवे मालवून, दारे लावून बॅटरीची ऋण टर्मिनलवरील तार सोडवतात आणि ती तार व टर्मिनल यांच्यामध्ये प्रवाह मोजणारे मीटर जोडतात. मीटर जोडलेले असताना किल्ली फिरवायची नाही, हा येथील पहिला नियम. स्टार्टरचा प्रवाह त्या नाजूक उपकरणाला सोसवत नाही. दुसरा नियम थांबण्याचा. आजच्या मोटारींतील संगणक इंजिन बंद होताच झोपत नाहीत. काही गाड्यांत त्यांना अर्धा तासही लागतो. घाईने घेतलेले माप खोटे निघते. सारे शांत झाल्यावर ५० मिलिअँपिअरच्या आत प्रवाह दिसला, तर चिंता नको. घड्याळ आणि संगणकाची स्मृती यांना तेवढे लागतेच. त्याहून बराच अधिक दिसला, तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजसरशी आकडा खाली येतो, त्या वाटेवर चोर असतो. एकाही फ्यूजने फरक पडला नाही, तर अल्टरनेटरमधील बिघडलेल्या डायोडकडे पाहावे. त्याची जाड तार बहुधा थेट बॅटरीला जोडलेली असते.

आणि चोर तरी केवढा? डिकीतला पाच वॅटचा दिवा! झाकणाखालचे बटण अडकल्यामुळे तो बंद डिकीत जळत राहतो आणि कोणाला दिसत नाही. तो सुमारे ०.४ अँपिअर घेतो. लहान मोटारीत साधारण ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. हिशेब केला, तर साडेतीन दिवसांत ती कोरडी पडेल आणि गाडी सुरू होणे त्याच्या आधीच थांबेल. थेंबे थेंबे तळे साचते, हे आपण लहानपणी शिकतो. थेंबे थेंबे ते आटतेही, हे बॅटरी शिकवते. २०२० च्या टाळेबंदीत कित्येक निर्दोष मोटारीही आठवडेच्या आठवडे उभ्या राहून अशाच निश्चेष्ट झाल्या होत्या.

या शोधात उशीर झाला, तर आणखी एक अनर्थ ओढवतो. वारंवार पूर्ण रिती होणाऱ्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि तिची धारणशक्ती कायमची घटते. उन्हाळ्याच्या तापाने तर तिचे आयुष्य आधीच कमी झालेले असते. म्हणजे गळतीचा बळी ठरलेली बॅटरी शेवटी खरोखरच निकामी होते. ती काढून फेकली जाते. दिवा मात्र नव्या बॅटरीच्या जिवावर पुन्हा जळू लागतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच. शिवाय शिसे विषारी आहे आणि लहान मुलांना त्याची बाधा विशेष होते. म्हणून जुनी बॅटरी उघड्यावर फोडू न देता विक्रेत्याकडे परत करावी. तिच्याशी काम करतानाही बिडी दूर ठेवावी, कारण भारित होताना तिच्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन बाहेर पडतो. तार सोडवताना ऋण टर्मिनल आधी सोडवावे आणि जोडताना शेवटी जोडावे, म्हणजे पाना चुकून गाडीच्या सांगाड्याला टेकला तरी ठिणगी उडत नाही.

एवढे सारे करून कारागीर अखेरीस बदलतो काय, तर काही रुपयांचे एक बटण. तेथे मालकाच्या कपाळावर आठी उमटते. नव्या बॅटरीचे हजारो रुपये तो मुकाट्याने मोजतो. कारण वस्तू डोळ्यांना दिसते, हाताला जड लागते. दोन तास वाकून मीटरच्या आकड्यांवर नजर रोखणाऱ्याची मजुरी देताना मात्र तो घासाघीस करतो. खरे पाहता त्या दोन तासांनीच त्याचे हजारो रुपये आणि उद्याची पहाट वाचवलेली असते. बॅटरी बदलणे कोणालाही जमते. ती का उतरते हे सांगणे विद्येचे काम आहे, मग ती विद्या वर्गात मिळालेली असो की गॅरेजच्या तेलकट फरशीवर. अशा विद्येचे मोल देताना हात आखडता घेऊ नये.