एक हा आकडाही नाव सांगतो

ब्रिटनमधला ‘स्पेशल कॉन्स्टेबल’ हा बिनपगारी पोलीस. आपली नोकरी किंवा धंदा सांभाळून तो महिन्याकाठी साधारण सोळा तास गणवेशात काम करतो. त्याला प्रवासखर्च मिळतो, पगार मिळत नाही. मराठी वाचकाला इथे होमगार्ड आठवेल. ती संघटना डिसेंबर १९४६ मध्ये मुंबईतच उभी राहिली. पण दोघांतले साम्य स्वयंसेवेपुरतेच आहे. होमगार्ड पोलिसांच्या मदतीला असतो. स्पेशल मात्र शपथ घेतल्यावर स्वतःच पोलीस होतो, आणि अटक, झडती, बळाचा वापर हे सारे अधिकार त्याला पूर्णवेळ शिपायाइतकेच मिळतात. १८३१ च्या कायद्याने या व्यवस्थेला आकार दिला. आज त्या त्या दलाचा प्रमुख १९९६ च्या पोलीस कायद्याखाली ही नेमणूक करतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१२ साली असे वीस हजारांवर स्पेशल होते. २०२३ पर्यंत त्यांची संख्या सात हजारांच्या खाली आली.

एवढे अधिकार असलेल्या माणसांविषयी लोकांनी प्रश्न विचारणे रास्तच आहे. त्यासाठी ‘फ्रीडम ऑफ इन्फॉर्मेशन’ कायदा आहे. तो २००० साली संमत झाला आणि १ जानेवारी २००५ पासून अमलात आला. आपल्याकडच्या माहिती अधिकारासाठी नागरिकत्व लागते. तिथे जगातला कोणीही अर्ज करू शकतो आणि अर्जाला शुल्क नाही. उत्तर कामाच्या वीस दिवसांत द्यायचे असते. नकार मिळाला तर आधी त्याच दलाकडे फेरविचार मागायचा, मग माहिती आयुक्तांकडे आणि शेवटी न्यायाधिकरणाकडे जायचे. अर्जदार कोण आहे आणि तो का विचारतो, हे सहसा पाहिले जात नाही, कारण एकाला दिलेली माहिती सगळ्या जगाला दिली असेच कायदा धरतो. पत्रकाराला दिलेली यादी उद्या सूड उगवू पाहणाऱ्याच्याही हाती पडू शकते.

याच कायद्याचे चाळिसावे कलम दुसऱ्याच्या वैयक्तिक माहितीला संरक्षण देते. तिथे तीन पायऱ्यांनी विचार होतो. माहिती मागण्यामागे वाजवी हित आहे का? ते साधण्यासाठी हीच माहिती लागते का, की कमी तपशिलाने भागेल? आणि त्या हितापुढे संबंधित माणसाचे खासगीपण हलके ठरते का? पद जितके वरचे, तितकी नाव उघड होण्याची अपेक्षा जास्त. चीफ कॉन्स्टेबलचे नाव झाकायला कारण नसते. महिन्यातून चार रात्री गस्त घालणाऱ्या शिक्षकाचे किंवा हिशेबनिसाचे नाव झाकायला मात्र कारण असू शकते. याखेरीज, माहिती दिल्याने कायद्याच्या अंमलबजावणीला बाधा येत असेल तर एकतिसावे कलम लागते आणि कुणाच्या जिवाला धोका असेल तर अडतिसावे. ही दोन्ही लावताना सार्वजनिक हिताचे पारडे तोलून पाहावे लागते.

या पायऱ्या प्रत्यक्षात कशा चढल्या जातात, ते प्रस्तुत लेखकाने इंग्लंडमधल्या एका छोट्या दलात स्पेशल म्हणून काम करताना पाहिले. आठवडाभर हिशेबनिसी आणि शुक्रवारी रात्री बाजारपेठेतली गस्त, असा त्याचा क्रम होता. दलाकडे एक अर्ज आला. प्रत्येक ठाण्यात किती स्पेशल आहेत, त्यांचे लिंग, वंश, वयोगट आणि मूळ व्यवसाय कोणता, एवढेच त्यात विचारले होते. नाव एकाचेही मागितले नव्हते. उत्तर देण्याआधी माहिती कक्षाने स्पेशलांना त्यांचे म्हणणे विचारले.

पहिली प्रतिक्रिया ‘काहीच देऊ नका’ अशीच होती, आणि प्रस्तुत लेखकाचीही तीच होती. गस्तीवर दारूच्या नशेतल्या माणसांशी हुज्जत होते. त्यातलाच एखादा सोमवारी कार्यालयात अशील म्हणून समोर येऊन बसू शकतो. पूर्णवेळ शिपाई पाळी संपवून घरी जातो. स्पेशल पाळी संपवून पुन्हा गावातला नेहमीचा माणूस होतो आणि दुकानात, शाळेच्या फाटकाशी, बँकेत लोकांना भेटत राहतो. त्याच्यामागे पोलिसाचा पगार नसतो, आणि नोकरी देणाऱ्या मालकाला या कामाचे कौतुक असेलच असेही नाही.

माहिती कक्षातल्या बाईंनी यावर एक रिकामा तक्ता पुढे ठेवला आणि अर्जात मागितलेले रकाने भरून दाखवले. त्या ठाण्यात नऊ स्पेशल होते. ‘भारतीय वंश’ या रकान्यात एक आला. त्याच ओळीत ‘पुरुष’, ‘चाळीस ते पन्नास’, ‘हिशेबनीस’. नाव कुठेच नव्हते, तरी गावातल्या कोणीही ते सांगितले असते. अशा वेळी माहिती आयुक्तांचे कार्यालय एक कसोटी लावायला सांगते. चिकाटीचा, पण कसलेही खास ज्ञान नसलेला माणूस उपलब्ध साधनांतून ती व्यक्ती हुडकू शकेल का? तो हुडकू शकत असेल, तर तो आकडा नुसता आकडा राहत नाही. ती वैयक्तिक माहिती होते. म्हणूनच पाचापेक्षा लहान संख्या झाकायची पद्धत अनेक सार्वजनिक संस्थांत आहे.

तक्त्यातून काय घडू शकते, ते उत्तर आयर्लंडने ८ ऑगस्ट २०२३ रोजी पाहिले. कोणत्या हुद्द्यावर किती जण आहेत, एवढाच प्रश्न तिथल्या पोलिसांना विचारला गेला होता. उत्तरात गेलेल्या एक्सेल फाइलमध्ये एक लपलेले पान तसेच राहिले. त्यात सुमारे साडेनऊ हजार अधिकारी-कर्मचाऱ्यांची आडनावे, आद्याक्षरे, हुद्दे, विभाग आणि नेमणुकीची ठिकाणे होती. काही तास ते पान साऱ्या जगाला दिसत होते. तिथे सशस्त्र गट आजही पोलिसांवर हल्ले करतात आणि आपण पोलीस आहोत हे कित्येकांनी शेजाऱ्यांपासूनही लपवलेले असते. ती यादी अशा गटांच्या हाती गेल्याचे पोलीसप्रमुखांनी मान्य केले. पुढच्याच महिन्यात त्यांनी पद सोडले. ऑक्टोबर २०२४ मध्ये माहिती आयुक्तांनी त्या दलाला साडेसात लाख पौंड दंड केला. या प्रकरणात कायद्याखाली मागितलेली माहिती निरुपद्रवी होती. घात केला तो फाइल न तपासता पाठवण्याने.

छोट्या दलातल्या त्या अर्जावरचा निर्णय साधा होता. ठाणेवार तपशील चाळिसाव्या कलमाखाली नाकारला गेला. संपूर्ण दलाची बेरीज मात्र दिली गेली: एकूण स्पेशल किती, त्यांत स्त्रिया किती, अल्पसंख्याक वंशांचे मिळून किती. व्यवसायांचे मोठे गट करून तेही सांगितले गेले. अर्जदाराने फेरविचार मागितला, तेव्हा स्पेशलांनी वर्षभरात दिलेल्या एकूण तासांचा आकडाही मिळाला. आपल्या गावासारखेच लोक आपल्या दलात आहेत का आणि ते खरोखर काम करतात का, हा त्याचा मूळ प्रश्न होता. त्याचे उत्तर बेरजेतून मिळत होते.

खासगीपणाचा आडोसा काय झाकण्यासाठी घ्यायचा नाही, हेही याच अनुभवातून कळते. स्पेशलवर गंभीर गैरवर्तनाचा आरोप आला, तर त्याची सुनावणी पूर्णवेळ शिपायाप्रमाणे साधारणपणे जाहीर होते. बडतर्फ झालेल्यांची यादी कॉलेज ऑफ पोलिसिंग ठेवते आणि तीत स्पेशलही असतात. मे २०२२ मध्ये स्पेशलांना टेझर, म्हणजे विजेचा धक्का देणारे हत्यार, बाळगण्याची मुभा मिळाली. त्यानंतर प्रशिक्षण, तक्रारी आणि बळाच्या वापराचे आकडे मागण्याचा लोकांचा हक्क अधिकच रास्त ठरतो. पगार घेत नाही, म्हणून हिशेब देत नाही, असे म्हणण्याची सोय गणवेशात नाही. आपल्याकडे कर्मचाऱ्याचा सेवातपशील बऱ्याचदा ‘वैयक्तिक’ या एका शब्दावर नाकारला जातो. त्या शब्दापाशी न थांबता किती तपशील देता येईल, असे विचारणे हाच या तीन पायऱ्यांचा उपयोग.

आणखी एक गोष्ट याच काळात घडली. माहिती कक्ष एका रकान्यावर आठवडाभर खल करत असताना, प्रस्तुत लेखकाचा गणवेशातला फोटो सांगलीच्या एका काकूंनी फेसबुकवर कौतुकाने टाकला होता, नाव, गाव आणि नोकरीसह. तो काढायला एक फोन पुरला, पण तोवर तो तीन दिवस लोकांसमोर होता. कायद्याची राखण दलाच्या कागदांपुरती असते. घरातल्या माणसांना सांगून ठेवणे हे ज्याचे त्यालाच करावे लागते.

शुक्रवारच्या गस्तीवर स्पेशलच्या खांद्यावर त्याचा क्रमांक ठळक असतो. रस्त्यातल्या कोणालाही तो टिपून घेता येतो आणि त्या क्रमांकावर तक्रार करता येते. त्यासाठी कोणताही अर्ज लागत नाही.