नाव शेवटी लिहायचे

मी इयत्ता सातवीत आहे. गेल्या वर्षापासून मला पक्षी ओळखण्याचा नाद लागला आहे. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. ५ तारखेला मारुती चितमपल्ली यांचा व १२ तारखेला डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस येतो. त्या आठवड्यात गुरुजींनी सर्वांना एकेक वही घालायला सांगितली. रोज एक पक्षी पाहायचा, पण नाव शेवटी लिहायचे. आधी आकार. चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा? मग चोच, शेपूट, पाय. मग तो चालतो की उड्या मारतो, कुठे बसतो, कसा ओरडतो.

पहिल्या दिवशी निम्म्या पोरांनी कावळाच लिहून आणला! मी तारेवरचा एक काळा पक्षी लिहिला. अंगाने बुलबुलाएवढा, शेपूट लांब आणि टोकाला दुभंगलेले. तारेवरून झेप घेतो, किडा धरतो, पुन्हा तारेवर येतो. तो कोतवाल निघाला. उन्हाळ्यात कोकिळेचे पान लिहिले. कुहू कुहू करणारा काळा, लाल डोळ्यांचा असतो तो नर. मादी तपकिरी, अंगावर पांढरे ठिपके. ही दोघे एकाच जातीची, हे माझ्या मित्राला अजून पटत नाही.

माझ्या वहीत सर्वांत मोठे पान टिटवीचे आहे. पाय लांब व पिवळे. डोके, गळा, छाती काळी. डोळ्यापुढे लाल मांसाची झालर. झाडावर घरटे नाही, उघड्या जमिनीवरच अंडी घालते. मी बांधावर बसून पाहिले, की माणूस लांब असला तर ती सावकाश ओरडते. माणूस अंड्यांजवळ आला की आवाज भराभर होतो आणि ती डोक्यावर झेपा घेते.

जूनमध्ये आमच्या रानात रोटा मारायचा होता. ट्रॅक्टर भाड्याचा, पैसे तासावर. त्यात आभाळ भरून आलेले. टिटवीने नुसता कालवा मांडला. आजी म्हणाली, "मेली कुणाच्या जिवावर उठलीया! हाकला तिला." टिटवी ओरडली की घरात वाईट होते, असे आमच्याकडे म्हणतात. भारद्वाज दिसला की मात्र सगळे हात जोडतात. तो तर दुसऱ्या पक्ष्यांची अंडी खातो!

मी आबांना म्हणालो, "आबा, हितं अंडी हायती तिची. आवाज बघा कसा भराभर चाललाय." आबा म्हणाले, "चार अंड्यांपायी ट्रॅक्टर उभा करू व्हय रं?" ड्रायव्हर हसायला लागला. मी आवाजाच्या मागाने हळूहळू पुढे गेलो. खड्यांमध्ये चार अंडी होती. रंग मातीचा, वर काळे डाग, निमुळती टोके आत केलेली. आबा वाकून बघत राहिले. पायाजवळ असूनही त्यांना ती आधी दिसेनात. मग त्यांनी चार बाजूंना चार काटक्या रोवल्या आणि ड्रायव्हरला म्हणाले, "एवढं बाजल्याएवढं सोड. वळसा घालून घे."

नवव्या दिवशी सकाळी तिथे टरफले होती. पिले अंड्यातून निघाल्यावर लवकरच पळू लागतात. मला बांधाकडे तीन दिसली. चौथ्याचे काय झाले ते कळले नाही. आजी अजून टिटवीला शिव्या देते, पण "पिल्लं मोठी झाली का रं?" असेही विचारते.

आता एका पानावर नाव लिहायचे राहिले आहे. ओढ्याकाठचा पक्षी. बुलबुलाएवढा, वरून काळा, पोट पांढरे, डोळ्यावर पांढरी भुवई. उड्या मारत नाही, तुरुतुरु चालतो. शेपूट सारखी वरखाली हलवतो. ज्याने ओळखला असेल त्याने खालच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने नाव लिहावे.