सलाबतखानाचा डोंगर

नगरहून पाथर्डी रस्त्याला लागले की दहा-बारा किलोमीटरवर डोंगराच्या माथ्यावर एक तीन मजली, अष्टकोनी दगडी इमारत दिसते. नगरचा माणूस तिला चांदबीबीचा महाल म्हणतो आणि पाहुण्यांनाही तेच सांगतो. आमचे अब्बा मात्र जन्मभर तिला सलाबतखानाची कबर म्हणत आले.

अब्बा एस.टी.त कंडक्टर होते. त्यांची निम्मी नोकरी याच रस्त्यावर गेली. डोंगराच्या पायथ्याशी उतरणारी एखादी आजी म्हणायची, "मास्तर, चांदबीबीला उतरवा बरं का." तिकीट फाडता फाडता अब्बा म्हणत, "उतरवतो आजी, पण तिथं चांदबीबी नाही. तिथं सलाबतखान झोपलाय." आजीला त्याचे काय! तिला जनावरांसाठी वैरण न्यायची असायची. पण डेपोत ही गोष्ट पसरली आणि लोकांनी अब्बांचेच नाव सलाबतखान पाडले. अम्मीला त्याचा राग येई. अब्बा खूश होते.

शिक्षण म्हणाल तर जुनी मॅट्रिक. इतिहास त्यांना कुणी शिकवला नव्हता. साप्ताहिक सुटीच्या दिवशी फजरची नमाज झाली की ते सायकल काढत, हँडलला डबा आणि पिशवीत दोनशे पानी वही. आम्हा भावंडांपैकी ज्याची पाळी असेल तो मागच्या कॅरिअरवर. वहीची त्यांची एक पद्धत होती. डाव्या पानावर 'सांगतात' आणि उजव्या पानावर 'लिहिलेले आहे'. किल्ल्याजवळच्या दमडी मशिदीचेच घ्या. डाव्या पानावर आहे की कामगारांनी मजुरीतली एकेक दमडी काढून ही मशीद उभी केली. उजव्या पानावर: साहिरखान, सन १५६७-६८. मशीद लहानशी आहे, पण दगडावरचे कोरीव काम पाहताना मान अवघडते. आम्ही विचारायचो, मग खरे कोणते? अब्बा म्हणत, "उजवं पान खरं. पण डावं फाडायचं नाही. लोकांना ही मशीद गरिबांची असावी असं वाटलं, हेसुद्धा कळायला हवं."

त्यांच्या वह्यांतून नगर आम्हाला क्रमाने कधी मिळालेच नाही. १४९० मध्ये मलिक अहमदने बहमनी फौजेचा पराभव केला, त्याच भागात पुढे शहर वसवले, हे आम्हाला शाळेत कळले. अब्बांकडून त्याआधी कळली ती मलिक-ए-मैदान तोफ. १५४९ मध्ये ती नगरला ओतली गेली, रूमीखानाच्या हातून. आज ती विजापूरच्या बुरुजावर आहे. एका सुटीत अब्बांनी आम्हाला विजापूरला नेले. गोलघुमट बघायला सगळे पळत होते, आणि अब्बा त्या तोफेवर हात ठेवून म्हणाले, "हिचं माहेर नगर."

किल्ल्याची गोष्ट निराळी. तो लष्कराच्या ताब्यात आहे, त्यामुळे जायचे तर ओळखपत्र जवळ ठेवा. ऑगस्ट १९४२ मध्ये इंग्रजांनी काँग्रेसचे नेते इथे आणून कोंडले. पंडित नेहरूंनी इथे 'भारताचा शोध' लिहिले, हे सगळ्यांना माहीत असते. मौलाना अबुल कलाम आझाद यांचे 'गुबार-ए-खातिर' हेही याच भिंतींतले. मित्राला लिहिलेली, पण टपालात न पडलेली पत्रे. अब्बांकडची प्रत इतकी फाटकी होती की तिला त्यांनी तिकिटांच्या गठ्ठ्यासारखा दोरा बांधला होता. रात्री चटईवर बसून ते आम्हाला त्यातल्या चिमण्यांचे आणि चहाचे पत्र वाचून दाखवत, मग मराठीत समजावत. आम्ही हसायचो. मौलानांच्या बेगम झुलेखा यांची बातमी मात्र त्यांनी आम्ही मोठे झाल्यावर सांगितली. मौलाना या किल्ल्यात असताना, एप्रिल १९४३ मध्ये, त्या कलकत्त्यात वारल्या. भेटीसाठी सरकारकडे अर्ज करायला मौलानांनी नकार दिला होता. ते पान निघाले की अम्मी उठून स्वयंपाकघरात जायची. तिला हा नकार कधी पटला नाही. अब्बाही तिची समजूत घालायला जात नसत.

डोंगरावरच्या इमारतीचा हट्ट का, हे आमच्या थोरल्या आपाने एकदा विचारले होते. लोक महाल म्हणाले तर बिघडले काय? अब्बा म्हणाले, "बेटा, महाल म्हटलं की माणूस चपला घालून शिरतो आणि भजी खातो. कबर म्हटलं की हात उचलतो. बिचारा चारशे वर्षं दुआची वाट बघतोय." हा सलाबतखान म्हणजे मुर्तजा निजामशहाचा वजीर. पाण्याच्या मधोमध उभा असलेला फराहबाग १५८३ मध्ये पूर्ण झाला तोही त्याच्याच देखरेखीत. हयातीतच त्याने डोंगरावर आपली जागा बांधून घेतली आणि तिच्यावर नाव लागले दुसऱ्याचे.

अब्बांच्या मते या नावाने चांदबीबीचेही नुकसानच झाले. हुसेन निजामशहाची ही मुलगी विजापूरला दिली होती. १५९५ मध्ये मोगलांनी वेढा घातला तेव्हा ती नगरच्या तटावर उभी राहिली, पडलेले खिंडार तिने रातोरात बुजवून घेतले. १६०० मध्ये तिला मारले ते मोगलांनी नाही, तिच्याच माणसांनी, फितुरीच्या अफवेवरून. "तिला बघायचं तर किल्ल्यावर बघा," अब्बा म्हणत, "डोंगरावर हवा खायला कशाला बसवता?"

अब्बांच्या इंतकालला तीन वर्षे झाली. शहराचे नाव आता अहिल्यानगर आहे. अब्बा पहिल्यापासून नुसते 'नगर' म्हणत, आम्हीही तेच म्हणतो. घर आवरताना एका नातेवाइकाने वह्या रद्दीत द्यायला सुचवले. अम्मीने त्याला चहा दिला आणि वह्या आपल्या पेटीत ठेवल्या. आता आम्ही भावंडे दर रविवारी थोडे थोडे उतरवून काढतो. डावे पान डावीकडे, उजवे उजवीकडे. पेन्सिलीचे अक्षर पुसट झाले आहे, म्हणून घाई आहे.

गेल्या हिवाळ्यात अम्मीला घेऊन आम्ही डोंगरावर गेलो. वरपर्यंत गाडी जाते, पण सकाळी लवकर निघा, दुपारी वाऱ्यात उभे राहवत नाही. आत काही पोरे मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. आमचा बारा वर्षांचा भाचा त्यांना म्हणाला, "खाली तळघरात कबरी आहेत." पोरे चपापली. एकाने टोपी नीट केली, दुसऱ्याने पायातल्या चपला काढल्या आणि विचारले, "कुणाची म्हणून फातिहा पढायची?"

भाच्याने नाव सांगितले. अम्मीने तोवर पदर डोक्यावर घेतला होता.