हिरडीवरचे दोन मिलिमीटर

माझ्याकडे नवी लागलेली डॉक्टर मुलगी रूट कॅनल संपत आलं की विचारते, "सर, फायबर पोस्ट की मेटल? कॅप झिर्कोनियाची की लिथियम डायसिलिकेटची?" मी मात्र आधी प्रोब हिरडीच्या कडेने फिरवतो. कीड साफ केल्यावर हिरडीच्या वर दीड-दोन मिलिमीटर निरोगी दात सगळीकडून उरला, तर कॅप त्याला खोऱ्याच्या दांड्यावरच्या कड्यासारखी आवळून धरते. तो नसेल तर महागातली कॅपही कोअरसकट, म्हणजे आतल्या भरलेल्या गाभ्यासकट, हातात येते.

मुळात बसवलेल्या पोस्टने दात मजबूत होतो, हा समज अजून जात नाही. पोस्ट फक्त कोअर धरते आणि तिच्या जागेसाठी मुळातलंच डेंटिन कोरावं लागतं. फायबरची लवचिकता डेंटिनच्या जवळची, त्यामुळे बहुधा पोस्टच सुटते. ताठ धातू मूळ उभं चिरू शकतो, आणि चिरलेलं मूळ काढावंच लागतं.

मला छळतो तो वरचा प्रीमोलर. गालाकडची भिंत शाबूत, टाळूकडची हिरडीखाली गेलेली. तिथे रक्त झिरपतं, मॅट्रिक्सची पट्टी नीट बसत नाही, ओलाव्यात बाँडिंग धरत नाही. हाड कापून कड उघडी करावी, तर मुळाचा आधार कमी होतो. मूळ लांब असेल तर तारेने दात हळूहळू खाली ओढून घेणं मला जास्त पटतं. पण तेवढे महिने थांबायला पेशंट तयार होत नाही.

दुखणं थांबलं की आमच्याकडे "ऊसबिल आलं की कॅप बसवू" असंच ऐकू येतं. अशांच्या दाढांची टोकं उतरवून मी ती चांदीने, म्हणजे अमाल्गमने, झाकत असे. त्या कोरीव कामाचा मला गर्व होता, आजही आहे. २०१३ च्या पाऱ्यावरच्या मिनामाता करारानंतर अमाल्गममधला पारा मागे पडत गेला आणि १ जानेवारी २०२५ पासून युरोपीय संघात अपवाद वगळता अमाल्गम बंद आहे. पारा जायला हवा, हे मला मान्य आहे. पण आकसणारं, कोरडेपणा मागणारं कंपोझिट घाईत भरून पेशंटला महिनोन् महिने कॅपशिवाय सोडणारे पाहिले की राग येतो. झिर्कोनियाच्या वॉरंटी कार्डावर दुकान चालवणाऱ्यांचाही येतो. कार्ड कॅपचं असतं, खालच्या दाताचं नाही.

तेव्हा रूट कॅनल झालेल्या दाढेची कॅप लांबवू नका. आणि कॅप कुठली, हे विचारण्याआधी डॉक्टरांना विचारा, हिरडीच्या वर माझा दात किती उरलाय?