गाडीवानाचे नाव कोणत्या वहीत?

वहीपूजन झाले की व्यापारी नव्या पानावर आधी ‘श्री’ लिहितो आणि मग जमाखर्च. प्रत्येकाच्या मनात अशी एक वही असते, असे काही अर्थशास्त्रज्ञ मानतात. गॅरी बेकर यांनी १९६८ साली गुन्हेगारालाही पेढीवर आणून बसवले. मिळकत किती, पकडले जाण्याचा संभव किती, शिक्षा किती, हे ताडूनच तो पाऊल टाकतो, असे त्यांचे म्हणणे.

दहशतवादीही असाच हिशेबी असतो काय? मी पडलो गणिताचा मास्तर. तेव्हा हिशेबाची बाजू आधी मांडतो. १९७३ पासून अमेरिकेतल्या विमानतळांवर धातुशोधक यंत्रे आली. विमानांची अपहरणे झपाट्याने कमी झाली. पण माणसांना ओलीस धरण्याचे दुसरे प्रकार वाढले. एक दुकान महागले की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात शिरते, तसेच हे!

म्हणजे कुठे, केव्हा, कशाने, इथवर वही खरे बोलते. ‘कशासाठी’ म्हटले की ती अडखळते. चळवळीचे फळ घरी बसलेल्यालाही मिळणारच असेल, तर हिशेबी माणसाने आपला जीव का खर्ची घालावा? कुणी म्हणेल, कीर्ती आणि स्वर्ग जमेला धरा. धरू, पण वाटेल ते जमेला धरले तर कोणताही हिशेब जुळेल! उत्तर आधी पाहून रीत मागाहून लिहिणारी मुले मला चांगली ठाऊक आहेत.

आणि इव्हान कल्यायेवचे काय करायचे? १९०५ च्या फेब्रुवारीत हा रशियन तरुण मॉस्कोत ग्रँड ड्यूक सर्गेईच्या गाडीवर बॉम्ब टाकायला धावला. दहशत हे त्याच्या संघटनेचे उघड साधन होते. पण गाडीत ड्यूकची पत्नी आणि दोन मुले दिसली, आणि उचललेला हात खाली आला. दोन दिवसांनी ती बरोबर नसताना त्याने ड्यूकला मारले. पुढे तुरुंगात भेटायला आलेल्या त्या विधवेची दयायाचनेची सूचनाही त्याने नाकारली आणि मे महिन्यात तो फासावर गेला.

त्या स्फोटात जखमी झालेला गाडीवानही मेला. मुलांची नावे कल्यायेवच्या वहीत होती, गाडीवानाचे नव्हते. २००८ च्या २६ नोव्हेंबरला मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळ्या झाडणाऱ्या दोघांच्या वहीत तर गावी निघालेल्या कुणाचेच नाव नव्हते.

पहारे आणि यंत्रे हवीतच; त्यांनी खर्चाची बाजू वाढते. पण वहीत कोणाकोणाची नावे लिहायची, हे माणूस बंदूक हाती घेण्याच्या कितीतरी आधी शिकतो. कुणीतरी त्याला ते शिकवलेले असते. आम्हा मास्तरांची झोप उडावी, असे हे गणित आहे.