इशापूरची रायफल

माझ्याकडे एक रायफल आहे हे कळलं की साताऱ्याकडच्या नातेवाइकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. आधी थोडी भीती, मग कुतूहल आणि शेवटी ठरलेला प्रश्न, "पण तुला लागते कशाला?" लागत कशालाच नाही. शिकार मी करत नाही. घराच्या रक्षणासाठी म्हणावं, तर एवढी लांब, चार किलोहून जड आणि प्रत्येक गोळीमागे हाताने बोल्ट ओढायला लावणारी बंदूक घेणाऱ्याला कुणीही वेड्यात काढेल. मी ती घेतली ती बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातली आहे म्हणून.

कॉलेजात असताना एनसीसीत होतो. परेडला थ्री नॉट थ्री, म्हणजे .३०३ मापाच्या जुन्या ली-एनफील्ड रायफली मिळायच्या, पण त्या 'डीपी', म्हणजे निव्वळ कवायतीच्या. त्यांतून गोळी सुटणारच नाही अशी व्यवस्था करून ठेवलेली. 'बाजू शस्त्र', 'बगल शस्त्र', 'सलामी शस्त्र' करून तळहात लाल व्हायचे आणि फायरिंग मात्र कॅम्पमध्ये पॉइंट टू-टूवर, तेही मोजक्याच राउंडचं. ज्या रायफलीचं ओझं वाहिलं ती प्रत्यक्षात चालते कशी, ते पाहायचं राहूनच गेलं. पुढेही भारतात ते जमण्यासारखं नव्हतं. .३०३ काय किंवा ७.६२ काय, ही लष्करी मापं सामान्य नागरिकाला बंद. आपल्याकडे रीतसर परवाना मिळालाच तर .३१५ ची रायफल घेता येते. गंमत म्हणजे तीही इशापूरच्याच कारखान्याची आणि तिचा बोल्ट त्याच जुन्या ली-एनफील्डच्या घडणीचा.

नोकरीमुळे ओहायोत आलो. एच-वन-बी व्हिसावर असताना इथे बंदूक विकत घेता येत नाही. शिकारीचं लायसन्स काढून पळवाट शोधणारे असतात, पण मला घाई नव्हती. ग्रीन कार्ड झालं की कायद्याने खरेदी करता येते. तोपर्यंत मी नुसता गन शोमध्ये भटकत असे. काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर एक मोठा हॉल, त्यात ओळीने टेबलं. चाकू, जुनी पदकं, वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, लष्करी डबे आणि मधूनच बंदुका. अशाच एका टेबलावर एक ओळखीची, बोथट नाकाची रायफल आडवी पडली होती. दस्त्याच्या गळ्यापाशी लोखंडावर कोरलेलं वाचलं आणि मी तिथेच थांबलो. वर अशोकस्तंभाचे सिंह, खाली आर. एफ. आय. (रायफल फॅक्टरी इशापूर), त्याखाली साल आणि 'रायफल ७.६२ एमएम २ए१'.

विक्रेता सांगू लागला, "ही जुन्या .३०३ ला ठोकपीट करून बनवलेली आहे, पोलाद नरम, भिंतीवर लावायला ठीक." हा समज इथे बराच पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. १९६२ साली चीनसमोर आपले जवान .३०३ घेऊन उभे होते. त्या युद्धानंतर सैन्याला सेल्फ लोडिंग रायफल द्यायला सुरुवात झाली. तिचं काडतूस नाटोच्या मापाचं, ७.६२ चं. पण सगळ्यांना पुरतील इतक्या एसएलआर एका रात्रीत कुठून येणार? शिवाय दोन मापांची काडतुसं सांभाळणं म्हणजे पुरवठा खात्याला दुप्पट डोकेदुखी. हुगळीकाठच्या इशापूर कारखान्यात जुन्या ली-एनफील्डची यंत्रसामग्री आणि हात बसलेले कारागीर होतेच. त्यांनी तीच रायफल जास्त मजबूत पोलादात, नव्या काडतुसासाठी नव्याने घडवली. आधी २ए आली. तिच्या मागच्या साइटवर २००० मीटरपर्यंतचे आकडे होते. एवढ्या लांबवर साध्या डोळ्याने नेम कोण धरणार, हा व्यावहारिक विचार करून पुढच्या २ए१ वर ते ८०० वर आणले. मॅगझीन चौकोनी झालं. जुन्या .३०३ च्या काडतुसाला बुडाशी कंगोरा असतो. मॅगझीनमध्ये काडतुसं वरखाली चुकीची बसली तर कंगोरे एकमेकांत अडकतात. ७.६२ ला तो कंगोराच नाही, त्यामुळे ही कटकट मिटली. सैन्यासाठी घडवलेल्या बोल्ट ॲक्शन रायफलींच्या शेवटच्या पिढीत तिची गणना होते.

तिचा वंशही पाहण्यासारखा आहे. हा बोल्ट ज्याच्या डोक्यातून निघाला तो जेम्स पॅरिस ली जन्माने स्कॉटिश, वाढला कॅनडात, काम केलं अमेरिकेत. रचना स्वीकारली इंग्रजांनी, नाव जोडलं एनफील्डच्या कारखान्याचं आणि शेवटचा मोठा बदल केला बंगालमधल्या कामगारांनी.

ती टेबलावरची रायफल मी घेतली नाही. तिच्या बोल्टवरचा नंबर एक आणि रिसीव्हरवरचा दुसरा होता. शिवाय पुढचं लाकूड करवतीने आखूड केलेलं. इथल्या काही व्यापाऱ्यांनी चांगल्या २ए१ कापून त्यांच्या 'जंगल कार्बाइन' बनवल्या आणि नसलेला इतिहास चिकटवून विकल्या. मला हा प्रकार चीड आणणारा वाटतो. जी जशी फौजेतून आली तशी राहू द्यावी, एवढं साधं भान ज्याला नाही त्याने नवी रायफल घ्यावी.

माझी रायफल पुढे एका छोट्या दुकानात मिळाली. कुणा संग्राहकाचा संग्रह तिथे विक्रीला आला होता. साल १९६७, नंबर सगळीकडे जुळणारे, लाकडाला ओरखडे भरपूर पण चीर नाही. पुढच्या लाकडातून आडवा गेलेला स्क्रूही जागेवर. लाकूड फाटू नये म्हणून इशापूरवाल्यांनी तो टाकलेला असतो. नळीत दिवा सोडून पाहिलं तर आतले आटे स्वच्छ, धारदार. किंमत काहीशे डॉलर. एकेकाळी त्या इथे फार स्वस्तात मिळत, असं रेंजवरचे जुने लोक हळहळून सांगतात.

कागदपत्रांत ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा असतो. त्यात नाव, पत्ता, ग्रीन कार्डवरचा क्रमांक आणि गुन्हा, व्यसन, घरगुती मारहाण यांविषयीचे प्रश्न. दुकानदार ती माहिती पाठवून विचारणा करतो आणि होकार आला की रायफल तुमच्या हातात. माझं काम चहा निवायच्या आत झालं. इतक्या सहज झालं याचं मला बरं वाटलं नाही, हेही सांगून टाकतो. सैन्याने मोडीत काढलेली रायफल ही काही निरागस वस्तू नव्हे. १९६३ साली केनेडींवर जी झाडली गेली तीही अशीच इटालियन सैन्यातली जुनी कारकानो होती. खोट्या नावाने, टपालाने, दुर्बिणीसकट १९.९५ डॉलरना मागवलेली. त्या आणि पुढच्या हत्यांनंतर १९६८ च्या कायद्याने टपालाने बंदुका घरपोच मिळणं बंद केलं. माझ्याकडे रायफल तिजोरीत असते, बोल्ट वेगळ्या कपाटात आणि काडतुसं तिसरीकडे कुलपात. बायकोची ही अट होती आणि ती मला रास्तच वाटली.

घरी आणली तेव्हा ती काळपट, घट्ट ग्रीसने माखलेली होती. बोल्ट, मॅगझीन, स्क्रू सगळं सुटं करून रॉकेलसारख्या द्रावणात बुडवून ब्रशने घासलं. लाकडात मुरलेलं ग्रीस काढायला इथले लोक एक युक्ती करतात. लाकूड काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवायचं, ग्रीस आपोआप पाझरतं. गॅरेजमध्ये आठवडाभर वास होता. मग लाकडाला जवसाचं कच्चं तेल, हाताने चोळून. बायको म्हणाली, "चटणीला आणलेले जवस मी जपून वापरते आणि तू तेल बंदुकीला पाजतोयस!" दस्त्याच्या टोकाला एक झाकण असतं, त्यामागच्या पोकळीत तेलाची कुपी आणि पुल-थ्रू ठेवायची जागा. माझ्या रायफलीत ती रिकामी होती. पुल-थ्रू नंतर मिळवला. नळीतून चिंदी ओढताना एनसीसीतल्या उस्तादांचा आवाज कानात असतोच. नळी साफ झाली की नाही ते त्यांना चिंदीवरून कळे, आमच्या शपथांवरून नाही.

पहिल्या फायरिंगआधी गनस्मिथकडून हेडस्पेस तपासून घेतला. बोल्ट बंद केल्यावर काडतूस चेंबरमध्ये किती सैल बसतं ते मोजण्याचे ठरीव गेज असतात. जास्त सैल असेल तर पुंगळी फाटू शकते. बाजारातलं .३०८ विंचेस्टर आणि लष्करी ७.६२ दिसायला सारखीच, पण लष्करी पुंगळी जाड असते. मी नाटोच्या मापाचंच वापरतो. एका गन शोमध्ये जुन्या भारतीय काडतुसांचा डबा दिसला, बुडावर 'ओएफव्ही', म्हणजे आपलं भुसावळजवळचं वरणगाव. हौसेने काही घेतली, पण झाडली नाहीत. कुठे, कशी साठवली हे ठाऊक नसलेलं काडतूस चेंबरमध्ये घालू नये.

रेंजवर ही रायफल चालवण्यातलं सुख हळू आहे. बोल्ट उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा. ढकलताना शेवटच्या टप्प्यात स्प्रिंगचा विरोध जाणवतो, कारण ली-एनफील्ड बंद होताना ताणली जाते. मॉझरच्या घराण्यातल्या बहुतेक रायफली उघडताना ताणल्या जातात. ज्यांना त्यांची सवय आहे त्यांना हे अडखळल्यासारखं वाटतं. मला हाच भाग आवडतो. चाप दोन टप्प्यांचा. पहिला लांब आणि सैल, मग एक अडसर, तिथे श्वास धरायचा आणि उरलेला दाब. पितळी दस्तापट्टी खांद्यात बसते ती संध्याकाळपर्यंत लक्षात राहते. शंभर यार्डांवर माझ्या गोळ्या तळहाताएवढ्या जागेत पडतात. दुर्बिणीच्या नव्या रायफलीवाले नाण्याएवढ्या जागेत पाडतात. मला त्याचं काही वाटत नाही.

शेजारच्या बाकावर बहुधा एक व्हिएतनाममध्ये लढलेले आजोबा असतात. त्यांना मी एकदा रायफल दिली. बोल्ट चालवून ते म्हणाले, "हे लोणी आहे." मग सिंहांच्या ठशावर बोट ठेवून विचारलं, हे काय? मी सारनाथपासून सुरुवात केली. त्या दिवशी दोघांचंही फायरिंग कमीच झालं.

इकडे ती हौस असली तरी भारतात तिच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे थ्री नॉट थ्रीचं, नाव कालबाह्यतेशी जोडलं गेलं आहे. २६/११ च्या रात्री सीएसटीवर एके-४७ घेऊन आलेल्यांसमोर आपल्या पोलिसांकडे काय होतं हे मराठी वाचकाला सांगायला नको. तिथे रेल्वे सुरक्षा दलाच्या जिल्लू यादव यांनी सहकाऱ्याच्या हातची थ्री नॉट थ्री घेऊन गोळ्या झाडल्या होत्या. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २६ जानेवारी २०२० च्या संचलनात तिला समारंभाने निरोप दिला. दोष रायफलीचा नव्हता. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या घडणीचं हत्यार एकविसाव्या शतकात हाती देणाऱ्यांचा होता.

खंडेनवमीला मी तिची पूजा करतो. हळदकुंकू मात्र खाली ठेवलेल्या कागदाला, कारण ओली हळद पोलादावर राहिली तर दुसऱ्या दिवशी गंज.

भारतात परत गेलो तर ही रायफल बरोबर नेता येणार नाही. जिथे बनली त्या देशात ७.६२ प्रोहिबिटेड बोअरमध्ये मोडते आणि मला तिचा परवाना मिळणार नाही. माझ्या शूटिंग क्लबमधल्या एका तरुण सभासदाला ती रीतसर द्यायचं ठरलं आहे. इथल्या मराठी मंडळींपैकी कुणाला अशी घ्यायची असेल तर नंबर जुळणारी, न कापलेली बघा, लाकडाला पॉलिशपेपर लावू नका आणि गनस्मिथने हेडस्पेस पाहिल्याशिवाय एकही गोळी झाडू नका.