शीण

वैशाखातली दुपार. बीड जिल्ह्यातल्या आष्टीला मामाच्या ओसरीवर बाज टाकून पडलो होतो. वरचा पत्रा तापून मधूनच टक् वाजायचा. हातातलं पुस्तक केव्हाच छातीवर पालथं पडलेलं.

अशा वेळी मला 'लेथर्जी' हा इंग्रजी शब्द आठवतो. तो मूळचा ग्रीक. लेथे म्हणजे विसर, आर्गोस म्हणजे बिनकामाचा. तिकडच्या पाताळात लेथे नावाची नदीच आहे. तिचं पाणी प्यायलं की मेलेल्याला मागचं काही आठवत नाही. आपला आळस संस्कृत 'अलस'मधून आला. लस् म्हणजे चमकणं, खेळणं. उल्हास, विलास ही त्याच धातूची लेकरं. त्यातलंच एक पोर रुसून कोपऱ्यात बसलं, तो आळस.

'काहिली'ची गंमत वेगळी. उर्दूत काहिली म्हणजे आळस, मराठीत उन्हाची होरपळ. 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या या मुलखात मे महिन्यात दोन्ही अर्थ एकाच बाजेवर पडून असतात.

मला मात्र सगळ्यांत आवडतो तो 'ऐदी'. अकबराच्या पदरी अहदी नावाचे शिपाई होते. कुठल्या सरदाराच्या हाताखाली नाहीत, थेट बादशहाचे. पगार चांगला, रोजची चाकरी बेताची. लोकांनी त्यांच्या नावाचीच शिवी केली! खालच्यांनी वरच्यांना दिलेली शिवी, म्हणून तिची चव न्यारी. रेल्वेची वाट बघताना आष्टीकरांनी ती किती वेळा उच्चारली असेल कोण जाणे. नगर-बीड-परळी मार्गाला मंजुरी 1995ची. आष्टीला गाडी आली 23 सप्टेंबर 2022 रोजी.

पण आळशी ठरतो तो तालुका. "तुमच्याकडची माणसं दुपारभर झोपतात," असं शहरातल्या एका स्नेह्यानं मला हसत ऐकवलं होतं. झोपतात खरी. त्या दुपारीही समोरच्या लिंबाखाली नवरा-बायको झोपली होती, तोंडावर पदर, उशाला हात. मुकादमाच्या हिशोबात ती दोन माणसं नव्हेत, एक 'कोयता'. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली. पहाटेच्या अंधारात फडात उतरायचं, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, गाडी रात्री कधीही आली तरी उठून भरायची.

त्यांच्याकडे बोट दाखवून मी मामीला म्हटलं, "काय सुस्ती आहे बघ."

मामीनं तोंडावर बोट ठेवलं.

"सुस्ती न्हाई रं, शीण हाय त्यो. परवाच आल्यात कारखान्यावरनं."